दुसऱ्या पाखराची जागा

हरिदासभाऊ शेंडेंच्या गाण्यांत एकूण एकोणतीस पिंजरे आहेत. मी मोजलेत, कारण ती सगळी गाणी मीच टाइप केली. नागभीडच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्डाच्या रांगेत मागे उभे राहून, आपला नंबर आल्यावर हरिदासभाऊ पिशवीतून वही काढायचे. वहीत पिंजऱ्यांशिवाय सतरा बेड्या, अकरा साखळदंड आणि पाखरं मोजण्यापलीकडली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी पाखरू सुटतंच. ही सगळी पाखरं खरंच उडाली असती तर आमच्या पिपरटोलीच्या धानात एक लोंबी उरली नसती. आणि गावात खरा पिंजरा एकच, सोमाजीच्या कोंबड्यांचा. त्याचीही कडी तुटलेली, दोरीनं बांधलेली.

मी एकदा विचारलं, "भाऊ, तुमी पिंजरा जवळून पाह्यला तरी काय?"

"तू दिल्ली पाह्यली काय?"

"नाई."

"मंग मत कायले देते?"

मी पुढचं पान टाइप करायला घेतलं.

खरं म्हणजे पिंजरा म्हणजे काय, बेडी म्हणजे काय, हे आमच्या समाजमंदिरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हरिदासभाऊंचे आजोबा छप्पन साली चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आले. बैलगाडीनं गेले की रेल्वेनं, यावर त्या घरात अजून वाद आहे, पण सुटून आले यावर वाद नाही. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र दिनाला भाऊ माइकसमोर उभे राहिले की म्हाताऱ्या बायांना पाखरू कोण आणि कडी कोणाची, हे पहिल्या ओळीलाच कळायचं. समजायला वेळ लागायचा तो माझ्यासारख्या शिकलेल्यांना.

वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा खराब, आवाज मात्र असा की लाउडस्पीकरनं सुट्टी घ्यावी. तो आवाज राईस मिलचा. तीस वर्षं झाली, भाऊ नागभीडच्या एका मिलमध्ये आहेत. आधी हमाल, नंतर मशीनवर. मिलमध्ये हळू बोलणारा माणूस मुका समजला जातो. भाऊ गाणी तिथेच जुळवायचे, पट्ट्याच्या ठेक्यावर, त्यामुळे त्यांच्या सगळ्या गाण्यांची चाल थोडीफार धान भरडल्यासारखी आहे.

त्या मिलची एक रीत आहे, ती इथेच सांगून ठेवतो. लाईन गेली की मिल एकदम गप्प होते. कोंड्याच्या धुळीत समोरचा दिसत नाही. तेवढ्यात कोणी अडकलेला कोंडा काढायला मशीनमध्ये हात घालतो, कोणी पट्ट्याखाली शिरतो. म्हणून लाईन आली तरी लगेच बटन दाबायचं नाही. आधी प्रत्येकानं आपापलं नाव मोठ्यानं सांगायचं. लियाकत. चैतू. बिरजू. हरिदास. सगळी नावं आली की मग मशीन सुरू. जुन्या काळी तिथे एकाचा हात गेला होता, तेव्हापासून हे चालत आलंय. एक नाव कमी आलं तर मालकसुद्धा बटनाला हात लावत नाही.

घरी कमलाबाई, त्यांची बायको. पोरगा नागसेन ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला, आठवड्यातून एकदा घरी. सून रोशनी सासूसोबत. गाणं झालं की पहिलं कमलाबाईला ऐकवायचं हा भाऊंचा नेम होता. ती सुपात तांदूळ पाखडत ऐकायची. शेवटी एकच प्रश्न.

"सुटलं काय पाखरू?"

"सुटलं."

"बरं झालं. आता हात धुवा, भात थंडा होऊन राह्यला."

समीक्षा यापेक्षा नेमकी मी अजून वाचलेली नाही.

मार्च लागला की आमच्याकडे मोह पडतो. बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि मोहाच्या झाडाखाली वाकून गळलेली फुलं वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. जंगलखात्याचा नाकेदार दरवर्षी येऊन सांगतो की एकटं जाऊ नका, आवाज करत राहा, माणूस आहे हे त्याला कळलं की तो बाजूला होतो. म्हणून बाया थाळी वाजवत, नाहीतर हाऊ हाऊ असं ओरडत. कमलाबाईला ते पटायचं नाही. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याला म्हणाली, "रोज सकायी हाऊ हाऊ बोंबलाले मी कोल्हा हाव काय? दुनियेले गाणे देता, एक मले द्या. वाघाले आयकू गेलं पाह्यजे, एवढंच."

भाऊंनी तीन दिवसांत गाणं दिलं.

*पिंजऱ्याले दार हाये, दाराले कडी,*
*कडीच्या या बाजूले पाखराची जोडी.*
*एक पाखरू बोले: हो रे हो,*
*दुसरं पाखरू बोले: हो रे हो.*
*तोड कडी, तोड कडी, आभाळाले जाऊ.*

ओळ कमलाबाईची, "हो रे हो" बाकीच्यांचं. एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली गाणं त्यांच्यासोबत सरकायचं. गाण्यात कला किती होती हे बाजूला ठेवा. ते अर्ध्या कोसावर ऐकू जायचं, आणि ज्या कामासाठी केलं होतं ते काम ते करत होतं.

मग ते माझ्याकडे टाइप करायला आलं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय मराठी. प्रतीक हा शब्द नुकताच शिकलो होतो. नवी चप्पल घेतलेला माणूस काम नसताना गल्लीतून चार चकरा मारतो, तसा मी तो शब्द घालून फिरत होतो. मी म्हणालो, "भाऊ, पह्यलं पाखरूबी हो रे हो आन् दुसरंबी हो रे हो, मंग फरक काय राह्यला? जे कैदेत हाये त्याचा आवाजच गेला पाह्यजे. दुसऱ्या पाखराच्या जागी काहीच म्हणू नका. पाच श्वास गप्प. ते गप्प राहणंच बोलते."

भाऊंनी काउंटरवर बोटांनी ठेका धरून ओळ मनात म्हणून पाहिली. मागच्या माणसाला जातीचा दाखला हवा होता, तो खाकरला.

"हे मले काऊन नाई सुचलं," भाऊ म्हणाले.

मी त्या जागी टिंबं टाइप केली. पाच.

चौदा एप्रिलला समाजमंदिरात ते पहिल्यांदा तसं म्हटलं गेलं. दुसऱ्या पाखराची ओळ आली आणि भाऊ थांबले. पाच श्वास. पंखे बंद होते, कोणाच्यातरी लेकराची उचकी ऐकू आली. मग "तोड कडी" असं आलं आणि माझी आत्या रडली, जी आपल्या नवऱ्याच्या मयतीत रडली नव्हती. लोकांनी ते चारदा म्हणायला लावलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, आणि ते माझंच गाणं असल्यासारखा चेहरा केला होता.

जंगलातल्या बायांनी मात्र जुनंच चालू ठेवलं. पुढच्या मोहाच्या आधी भाऊंना ते कळलं. तो वाद रोशनीनं मला सांगितला.

कमलाबाई म्हणाली, "मंडपात राहा गप्प. जंगलात कायले?"

"गाणं एकच हाये. मंडपातलं येगळं आन् जंगलातलं येगळं, असं नाई होत."

"आवाज कराले गाणं मांगतलं होतं मी."

"पाच श्वासात काय होते?"

कमलाबाईनं सूप भिंतीला टेकवलं. "होते का नाई, ते तुमाले मिलात बसून नाई समजत," ती म्हणाली. पण म्हटलं तिनं तसंच. तिलाही ते थांबणं आवडू लागलं होतं, असं रोशनी म्हणते. सगळं रान कान देऊन ऐकतं असं वाटायचं.

दोन मोह असेच गेले. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून आम्ही बरोबर आहोत, असं आम्हाला वाटत राहिलं.

मागच्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेपाचच्या सुमाराला कमलाबाई आणि रोशनी धरून सहा बाया नाल्यापलीकडच्या मोहांखाली होत्या. कमलाबाई सगळ्यात पुढच्या झाडाखाली. दुसरं कडवं चाललं होतं. दुसरं पाखरू बोले, आणि सगळ्या थांबल्या. पाच श्वास झाले. "तोड कडी" उचलायचं काम कमलाबाईचं. तिनं उचललं नाही.

बाया थांबून राहिल्या. त्यांना वाटलं, आज ती लांबवून राहिली. सहा श्वास, सात, आठ. गाण्याचा मान म्हणून कोणी बोललं नाही, कोणी मान वर करून पाहिलं नाही, सगळ्यांचे हात फुलं वेचत होते. किती वेळ गेला हे कोणालाच सांगता येत नाही. मग त्यांच्यातली दीपाली म्हणाली, "बाई, बोला नं."

टोपली झाडाखाली सरळ ठेवलेली होती. एक फूल सांडलेलं नव्हतं. कमलाबाई नंतर सापडली, दोनशे पावलं आत.

पंचनामा झाला. नाकेदारानं विचारलं, बाया आवाज करत नव्हत्या काय. रोशनीनं गाण्याचं सांगितलं, मधल्या थांबण्याचंही. नागसेन बापाकडे वळला. "हे कोणाच्या डोक्यातून निंघालं, बाबा?"

मी तिथेच होतो, चार हातांवर.

"गाणं मावालं हाये," हरिदासभाऊ म्हणाले, सगळं स्वतःवर घेत.

त्यानंतर आजपर्यंत त्यांनी दुसरं उत्तर दिलेलं नाही. मलाही नाही. मी दोनदा बोलायला गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं.

मग गावात पहिल्यांदा खरा पिंजरा आला. जंगलखात्यानं ट्रॅक्टरवर आणून नाल्याजवळ ठेवला. लोखंडी, हिरव्या रंगाचा, आत बकरी बांधायला वेगळा कप्पा. भाऊ रोज संध्याकाळी मिलमधून सुटले की लांब उभं राहून तो पाहायचे. एक दिवस मी सोबत होतो. त्यांनी नाकेदाराला विचारलं, "दार दिवसभर उघडंच ठेवता काय?"

"उघडं नाई ठेवलं तर तो आत येन कसा, भाऊ?"

परतताना समाजमंदिराजवळ आल्यावर भाऊ म्हणाले, "तीस वर्सं झाले, मी लोकाईले उघडं दार दाखवून राह्यलो."

वही त्यांनी त्या दिवसापासून उघडली नाही. वाघ पिंजऱ्यात आला नाही. दीड महिन्यानं पिंजरा ट्रॅक्टरवर चढून दुसऱ्या गावाला गेला. जाताना मागे राहिलेली तार सोमाजीनं उचलली आणि कोंबड्यांच्या पिंजऱ्याला कडी केली. एवढाच त्या पिंजऱ्याचा गावाला उपयोग झाला.

डिसेंबरात नागभीडला कविसंमेलन होतं. भाऊंचं गाणं संयोजकांकडे आधीच पोचलं होतं, जयंतीच्या जुन्या स्मरणिकेतून, पाच टिंबांसकट. बाहेरगावच्या कॉलेजचे एक सर अध्यक्ष होते. त्यांनी पंधरा मिनिटं त्या टिंबांवर भाषण केलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंदिवासाचं मौन, असं काहीतरी. वाईट बोलले नाहीत. मी बी.ए.ला असतो तर लिहून घेतलं असतं.

भाऊ उठले, गायले. दुसऱ्या पाखराची ओळ आली. ते थांबले नाहीत. "हो रे हो" म्हणून सरळ पुढे गेले. सभागृहात चुळबुळ झाली. लग्नात वरण वाढून भात न वाढल्यावर होते तशी.

सरांनी माइक घेतला. "हरिदासजी, ते मौन राहून गेलं. रसिकांची विनंती आहे, पुन्हा एकदा."

भाऊ म्हणाले, "इथी वाघ नाई नं सर, म्हणून तुमाले मौन पाह्यजे."

आणि खाली बसले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सरांनी ते वाक्यही वहीत लिहून घेतलं. भाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आता हेबी प्रतीक झालं काय रे?" त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

मला वाटलं होतं, इथे ही गोष्ट संपेल. फेब्रुवारीच्या शेवटी रोशनी सासूची टोपली शेणानं सारवत होती. सारवता सारवता म्हणाली की यंदा बायांनी ठरवलंय, दुसऱ्या पाखराच्या जागी दहा श्वास थांबायचं. आत्याबाईसाठी, म्हणजे सासूसाठी.

भाऊ जेवत होते. हात ताटातच राहिला.

"नाई थांबाचं. एकबी श्वास नाई."

"मामाजी, ते गाणं तुमचं असन. ते थांबणं आता आत्याबाईचं हाये."

"तो वाघ धरला नाई अजून. तिथीच हाये तो."

"म्हणूनच तं. त्याले भिऊन तिची जागा भरून टाकाची काय?"

भाऊंना सुनेवर रागावता येत नव्हतं, कारण त्या थांबण्यातली गोडी तिला त्यांनीच लावली होती. मोह पडायला पंधरा दिवस होते. भाऊंनी वही काढली. दहा महिन्यांनी. रोज मिलमधून येताना दुकानात थांबायचे आणि नवीन ओळ सांगायचे, मी ती टिंबांच्या जागी टाइप करायचो. दुसरं पाखरू बोले, येतो मी येतो. दुसरं पाखरू बोले, कडी लय जुनी. अशा तेरा ओळी झाल्या. तीस वर्षं ज्यांना शब्द कमी पडले नाहीत, त्यांना एका ओळीची जागा भरता येईना. बायांनी तेराही परत पाठवल्या. दीपालीनं तर निरोप धाडला, "भाऊले म्हणा, तुमी कविता चांगली करता. पण तिच्या जागेवर कायले करता?"

मोह पडू लागला. पहिल्या दिवशी बाया निघाल्या तशी भाऊ काठी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन मागून निघाले. दुसऱ्या पाखराची ओळ आली, बाया थांबल्या, आणि भाऊंनी डबा बडवायला सुरुवात केली. दोन दिवस बायांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी दीपाली टोपली कमरेवर घेऊन समोर उभी राहिली.

"हरिदासभाऊ, मयतीत कोणी डबा वाजवते काय?"

"मले दुसरी मयत नाई पाह्यजे."

"तुमी घरी राहा. आमी पाहून घेऊ."

भाऊ घरी गेले नाहीत, मिलमध्ये गेले. ते सांगतात की त्या दिवशी दुपारी लाईन गेली. मिल गप्प झाली, धूळ खाली बसायला लागली. मग लाईन आली आणि कोणी बटनाला हात लावला नाही. लियाकत. चैतू. बिरजू. चौथं नाव येईना. सगळे थांबले. लियाकतनं धुळीतून आवाज दिला, "हरिदास, हाये का गेला?"

भाऊ मशीनला टेकून उभे होते. तीस वर्षं दिवसातून दोनदा-तीनदा केलेली ती गोष्ट त्यांच्या समोर होती. सगळं गप्प झालं की काय करायचं, हे त्यांना माहीत होतं. गाणं करताना तेवढंच आठवलं नाही.

संध्याकाळी त्यांनी अंगणात बायांना बोलावलं. मी पायरीवर होतो. भाऊ म्हणाले, "ओळ नाई देत. तुमचं थांबणंबी मोडत नाई. फक्त मिलात करतो तसं करा. थांबलं का एकेकीनं आपलं नाव घ्याचं, मोठ्यानं. कोण हाये ते समजन. सगळे नावं आले का मंगच तोड कडी. एक कमी आलं तर टोपली टाका आन् सगळ्या एका जागी."

मग स्वाती, सगळ्यात लहान, म्हणाली, "हे तं हजेरी झाली."

"हजेरीच हाये."

"चालन," दीपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ तरीही मागे गेले, डबा न घेता. रोशनीनं सांगितलं ते असं. दुसरं पाखरू बोले, सगळ्या थांबल्या. नावं सुरू व्हायला पाहिजेत तर होईनात. प्रत्येकीला माहीत होतं की पहिलं नाव पुढच्या झाडाचं, म्हणजे कमलाबाईच्या जागेचं. त्या झाडाखाली कोणी नव्हतं. ठरवलं नव्हतं कोणी, पण सगळ्यांनी तिची जागा सोडली. एक श्वास. दोन. तीन. मागून भाऊ गुडघा धरत, काठी टेकत त्या झाडापर्यंत गेले आणि ओरडले, "हरिदास."

मग दीपाली, स्वाती, बाकीच्या, शेवटी रोशनी. मग तोड कडी.

तेव्हापासून रोज असंच आहे. बाया पहिलं नाव घेत नाहीत आणि भाऊ नसले तर तिथे पुन्हा ती शांतता पडणार, म्हणून भाऊंना जावंच लागतं. मोह संपला की तेंदूपत्ता, तेंदूपत्त्यानंतर सरपण. मिलला ते उशिरा जातात. मालक बोलतो, ते ऐकून घेतात. नागसेननं ऊर्जानगरला राहायला बोलावलं, तिथे क्वार्टरजवळ मोठं समाजमंदिर आहे, माइक चांगला आहे. भाऊ म्हणाले, "सुट्टी नाई."

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी विचारलं, टिंबांच्या जागी काय छापू.

"नावं छाप."

"कोणाची?"

"ज्या त्या दिवशी जंगलात गेल्या असन त्याईची."

"ते रोज बदलते, भाऊ."

"मंग नको छापू."

परवा त्यांना ताप होता, अंग विस्तवासारखं. रोशनीनं सांगितलं, मामाजी, आज नका येऊ, आमी नावं घेऊ नं. मी सकाळच्या पहिल्या बससाठी डांबरी रोडवर उभा होतो. नाला तिथून दिसत नाही, आवाज येतो. गाणं आलं. पिंजऱ्याले दार हाये, दाराले कडी. एक पाखरू बोले, हो रे हो. दुसरं पाखरू बोले.

मी श्वास मोजू लागलो. एक. दोन. तीन. चार. पाच. बस आली, ड्रायव्हरनं दार उघडून हॉर्न वाजवला. मी हात वर करून त्याला थांबवलं. सहा. सात.

मग कोरडा, फाटलेला एक आवाज आला, आणि त्याच्या मागे खोकला.

"हरिदास."

दीपाली. स्वाती. एकेक नाव येत गेलं. मी शेवटचं येईपर्यंत रोडवरच उभा राहिलो.